उमेदीचें मोल

शेवटची घंटा झाली कीं आमच्या शाळेच्या मैदानावर दोन कर्णधार समोरासमोर उभे राहतात आणि गडी वांटून घेण्यास प्रारंभ होतो. एके सायंकाळीं आम्ही ओसरीवरून हा प्रकार पाहत होतों. एक कर्णधार दहावींतला, दुसरा आठवींतला. दहावींतल्या कर्णधाराकडे फलंदाज पुष्कळ जमले होते. परंतु जोरानें चेंडू टाकणारा एकही नव्हता. तो म्हणाला, “तुझ्याकडचा तो वेगवान गोलंदाज मला दे आणि त्याच्या बदल्यांत हे पांचवींतले दोघे घे.” आठवींतला मुलगा थोडा वेळ विचारांत पडला. ते पांचवींतले दोघे बारके बाजूलाच उभे होते. एकाच्या हाताला वळण चांगलें होतें, दुसऱ्याची नजर पक्की होती. पण दोघेही अजून अंगानें फारच लहान. शेवटीं तो म्हणाला, “घेतों. तूं यंदा शाळा सोडणार. मला अजून दोन वर्षें खेळावयाचें आहे.” सौदा झाला, आणि त्या सायंकाळीं आठवींतल्या कर्णधाराचा संघ सपशेल हरला.

ह्या दोन मुलांनीं जो व्यवहार पांच मिनिटांत उरकला, तोच व्यवहार ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील बेसबॉलच्या मोठमोठ्या संघांनीं गणिती, हिशेबनीस आणि गांवोगांव हिंडणारे पारखी पदरीं ठेविले आहेत. तयार गोलंदाज हवा असेल तर त्याच्या बदल्यांत किती कोवळे गडी द्यावे, हा तो प्रश्न. आपल्या देशांतही २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून हाच प्रश्न क्रिकेटच्या संघांपुढें वारंवार उभा राहतो. तो कसा सोडविला जातो हें आम्ही ह्या लेखांत सांगणार आहों. विषय खेळाचा असला तरी तो केवळ खेळाचा नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत शेवटीं येईलच.

कऱ्हेकांठच्या आणि नीरेकांठच्या पालकांना हा हिशेब अगदींच नवा वाटूं नये. जनावरांच्या बाजारांत जाणारा शेतकरी तो पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. हेडी दावणीचें जनावर पुढें आणतो, गिऱ्हाईक त्याचा जबडा उघडून दांत पाहतें. आदत आहे कीं दुसा, चौसा आहे कीं जुळलेला, हें पाहिल्यावांचून बोलणीं पुढें सरकत नाहींत. आदत खोंड देखणें असतें, चपळ असतें; पण तें उद्यां नांगराला जुंपतां येत नाहीं. त्यास दोन वर्षें वैरण घालावी लागते, जूं मानेवर घेण्यास शिकवावें लागतें, आणि एवढें करून तें मारकें निघणार नाहीं कीं मध्येंच बसणार नाहीं याची हमी कोणीच देत नाहीं. उलट जुळलेला बैल आज विकत घेतला कीं उद्यां पेरणीला उभा राहतो. मात्र त्याच्या कामाचीं वर्षें मोजकींच उरलेलीं असतात. ज्याची पेरणी दारांत आली आहे तो जुळलेला बैल घेतो. ज्याच्या दावणीला एक जोडी आधींच उभी आहे तो खोंड घेतो. दोघेही शहाणेच, दोघांच्या गरजेची वेळ तेवढी निराळी.

आतां बेसबॉलकडे वळूं. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नसल्यानें दोन शब्दांत त्याची ओळख करून दिली पाहिजे. प्रत्येक बाजूस नऊ गडी असतात. मध्यभागीं मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून जो चेंडू फेकतो त्यास पिचर म्हणतात. क्रिकेटमध्यें गोलंदाज धांवत येऊन, हात न वांकवितां, चेंडू बहुधा टप्पा पाडून टाकतो. पिचर जागेवरूनच हात वांकवून, टप्पा न पाडतां, साठ फूट सहा इंचांवर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. क्रिकेटच्या दोन यष्टींमधलें अंतर बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन्ही खेळांचें नातें किती जवळचें आहे तें कळेल. सामन्याचा भार दुसऱ्या कोणत्याही गड्यापेक्षां ह्या एका माणसावर अधिक असतो. शिवाय हा श्रम इतका कठीण आहे कीं सामन्याचा आरंभ करणारा पिचर साधारणपणें पांच दिवसांतून एकदांच मैदानावर उतरतो. संघ तीस आणि प्रत्येकाचे मोसमांतील सामने १६२. तेव्हां चांगल्या पिचरची चणचण सर्वांनाच भासते. मोसम ऐन रंगांत आला असतां, साधारण जुलैअखेरपर्यंत, संघांना आपसांत गडी बदलून घेण्याची मुभा असते. त्या दिवसांत पिचरचा भाव पेरणीच्या तोंडावरच्या बैलाप्रमाणें चढतो.

हा भाव पैशांत क्वचितच चुकता होतो. तो बहुधा कोवळ्या गड्यांच्या रूपानें द्यावा लागतो. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखालीं लहान संघांची एक उतरंड असते. अठरा-वीस वर्षांचीं मुलें तेथें वर्षानुवर्षें शिकत, खेळत, एकेक पायरी चढत असतात. ही व्यवस्था पद्धतशीर उभी करण्याचें श्रेय सेंट लुईस संघाचे ब्रँच रिकी यांस देतात. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं ती वाढविली, आणि शेतांत पीक वाढवावें तसे गडी वाढविण्याच्या ह्या पद्धतीस तेथें शेताचेंच नांव पडलें आहे. ह्या शेतांतलें उभें पीक म्हणजेच सौद्याचें चलन. परंतु उभ्या पिकाची किंमत ठरवावी कशी? तेथील जाणते मुख्यतः चार गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट म्हणजे गुण. पारखी लोक मुलाच्या प्रत्येक गुणाला २० पासून ८० पर्यंत आंकडा देतात. वरच्या मैदानावरील सामान्य गड्याचा गुण ५० धरला जातो. त्यांत गंमत अशी कीं प्रत्येक गुणाला दोन आंकडे असतात. एक आज काय आहे त्याचा, दुसरा पुढें काय होऊं शकेल त्याचा. ह्या दोन आंकड्यांमधली जी पोकळी, तीच उमेद. सौद्यांत विकली जाते ती मुख्यतः ही पोकळी.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. मुलगा वरच्या मैदानापासून किती वर्षें दूर आहे? पुढल्या वर्षीं खेळूं शकणारा बावीस वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांनीं खेळूं शकेल असा अठरा वर्षांचा मुलगा, दोघांचे गुण सारखे असले तरी मोल सारखें नसतें. चार वर्षांत शरीर बदलतें, मन बदलतें, दुखणीं येतात. लहान संघांसाठीं निवडलेल्या मुलांपैकीं बहुतेकांच्या नशिबीं वरच्या मैदानावरचा एकही सामना नसतो. म्हणून चतुर संघ एका तयार पिचरच्या बदल्यांत एकच कोवळा गडी न मागतां तीन-चार मागतो. एक तरी तगेल हा हिशेब. शेतकरी टोकण करतांना एका ठिकाणीं दोन-तीन दाणे टाकतो, त्यांतलीच ही गोष्ट.

तिसरी गोष्ट हक्काचीं वर्षें. अमेरिकेंत गडी वरच्या संघांत आल्यावर सहा वर्षें पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर त्या संघाचा हक्क राहतो. त्यांपैकीं पहिलीं सुमारें तीन वर्षें त्यास बहुधा किमान वेतनाच्या जवळपासच पैसे मिळतात, पुढच्या तीन वर्षांत वेतन लवादाच्या मार्गानें वाढतें, आणि त्यानंतर तो स्वतंत्र होऊन वाटेल त्या संघाशीं करार करतो. हें स्वातंत्र्य गड्यांना १९७५ सालच्या एका लवादाच्या निवाड्यानें मिळालें. आतां पाहा: नांवाजलेला पिचर बाजारांत येतो तेव्हां त्याच्या हक्काचे बहुधा कांहीं महिनेच उरलेले असतात, आणि त्याच्या बदल्यांत दिलेल्या कोवळ्या गड्याचीं सहाच्या सहा वर्षें, तींही अल्प वेतनाचीं, शिल्लक असतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटतें कीं सुप्रसिद्ध गडी देऊन अनोळखी पोर घेतलें. हिशेबनिसास दिसतें कीं चार महिने देऊन सहा वर्षें घेतलीं.

चौथी गोष्ट जोखीम. आणि पिचरच्या बाबतींत ती सर्वांत मोठी. चेंडू फेकण्याच्या झटक्यानें कोपराचा सांधा बांधून ठेवणारा तंतू तुटतो. १९७४ सालीं डॉक्टर फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन नांवाच्या पिचरवर शस्त्रक्रिया करून दुसरीकडचा तंतू तेथें बसविला. तोंपर्यंत ही इजा म्हणजे खेळाचा शेवटच समजत. आतां पुष्कळ जण बरे होऊन परततात. पण एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ वायां जातो. म्हणून सारख्याच गुणांचे दोन कोवळे गडी असले तर फलंदाजाचें मोल कोवळ्या पिचरपेक्षां अधिक धरण्याकडे जाणत्यांचा कल असतो.

ह्या चार गोष्टींनीं उमेदीचा आंकडा निघतो. तरीही एकाच गड्याची किंमत दोन संघांना सारखी वाटत नाहीं. कारण शेवटचा आंकडा घेणाऱ्याच्या गरजेनें ठरतो. दोन जुनीं उदाहरणें घेऊं.

१९८७ च्या ऑगस्टमध्यें डेट्रॉइटचा संघ आपल्या गटांत पहिल्या जागेसाठीं झुंजत होता. त्यास तयार पिचर हवा होता. अटलांटाकडून त्यानें छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि त्याच्या बदल्यांत जॉन स्मोल्ट्झ नांवाचा वीस वर्षांचा पोरगा दिला. अलेक्झांडरनें उरलेल्या मोसमांत नऊ सामने जिंकून दिले आणि एकही हरला नाहीं. डेट्रॉइटनें गट जिंकला. पण पुढच्या फेरींत त्याचा पाडाव झाला. इकडे स्मोल्ट्झनें अटलांटासाठीं वीस वर्षें चेंडू फेकला, १९९५ सालच्या अजिंक्यपदांत वांटा उचलला आणि २०१५ सालीं त्या खेळाच्या सन्मान-मंदिरांत त्याचें नांव कोरलें गेलें. आज सगळे डेट्रॉइटला हंसतात. पण १९८७ च्या ऑगस्टमध्यें डेट्रॉइटला जें हवें होतें तें अलेक्झांडरनें पुरेपूर दिलें, हें हंसणारे विसरतात.

दुसरें उदाहरण शिकागोच्या कब्ज संघाचें. ह्या संघानें १९०८ नंतर अजिंक्यपद पाहिलें नव्हतें. २०१६ च्या जुलैमध्यें त्यानें न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडून अरोल्डिस चॅपमन हा अतिवेगवान पिचर घेतला. बदल्यांत चौघे दिले. त्यांत ग्लेबर टोरेस हा एकोणीस वर्षांचा अत्यंत होतकरू मुलगा होता. चॅपमनवरचा हक्क उणेपुरे चार महिने उरला होता, आणि तो संपतांच तो यँकीजकडेच परत गेला. टोरेसही पुढें न्यूयॉर्कचा नामांकित गडी झाला. केवळ वर्षें मोजलीं तर शिकागोनें सौद्यांत सपाटून मार खाल्ला. परंतु त्या शरदांत शिकागोनें १०८ वर्षांनीं अजिंक्यपद जिंकलें. ज्या आजोबांनीं जन्मभर ह्या एका दिवसाची वाट पाहिली होती, त्यांना कोणता हिशेबनीस सांगेल कीं हा सौदा महाग पडला?

आतां आपल्या घरीं येऊं. इंडियन प्रीमियर लीगमध्यें गडी मुख्यतः लिलावानें मिळतात; पण दोन मोसमांच्या मधल्या काळांत संघांना आपसांत अदलाबदल करतां येते, पैसे देऊन किंवा गडी देऊन. २०१९ सालची अदलाबदल आमच्या विषयासाठीं फार बोधप्रद आहे.

त्या वर्षीं दिल्लीच्या संघानें जाणत्या गड्यांचा संग्रह करण्याचें ठरविलें. रविचंद्रन अश्विन ह्या तेहतीस वर्षांच्या कसलेल्या फिरकी गोलंदाजासाठीं त्यानें पंजाबला कर्नाटकाचा तरुण फिरकी गोलंदाज जगदीश सुचित आणि वर दीड कोट रुपये दिले. तयार गोलंदाजाच्या बदल्यांत कोवळा गडी आणि वरकड रोकड, असा हा अगदीं अमेरिकन धर्तीचा सौदा. त्याच सुमारास आपल्या संगमनेर तालुक्यांत जन्मलेले अजिंक्य रहाणे यांना राजस्थानाकडून घेण्यासाठीं दिल्लीनें मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन फिरकी गोलंदाज दिले. मार्कंडे तेव्हां बावीस वर्षांचा होता. २०१८ सालीं मुंबईनें त्यास वीस लाखांना घेतलें होतें आणि त्याच वर्षीं त्यानें पंधरा बळी घेऊन सर्वांना चकित केलें होतें. पुढें २०१९ च्या जुलैमध्यें मुंबईनें त्यास दिल्लीला देऊन शेरफेन रदरफर्ड हा फलंदाज घेतला होता. म्हणजे दिल्लीसाठीं एकही चेंडू न टाकतां, चारच महिन्यांत हा मुलगा तीन संघांच्या वहींत नोंदला गेला! तेवतियाकडे तर तेव्हां फारसें कोणाचें लक्षही नव्हतें. परंतु २७ सप्टेंबर २०२० रोजीं शारजा येथें राजस्थानापुढें २२४ धावांचा डोंगर उभा असतां ह्याच तेवतियानें एका षट्कांत पांच षट्कार मारून सामना फिरविला.

ह्या सगळ्या खरेदींत दिल्लीनें एक विक्रीही केली. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्ट तिच्या संघांत होता. २०१९ सालीं त्यास पांचच सामने खेळावयास मिळाले. वेगवान गोलंदाज आपल्याकडे पुरेसे आहेत असें समजून दिल्लीनें त्यास मुंबईला देऊन टाकलें. २०२० च्या मोसमांत बोल्टनें मुंबईसाठीं पंचवीस बळी घेतले. दिल्लीचा संघ इतिहासांत प्रथमच अंतिम सामन्यांत पोहोंचला, आणि १० नोव्हेंबर २०२० रोजीं दुबईस त्याची गांठ मुंबईशींच पडली. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बोल्टनें दिल्लीचा सलामीचा फलंदाज बाद केला. तीस धावांत तीन बळी घेऊन तो सामन्याचा मानकरी ठरला आणि मुंबईनें चषक नेला. आपणच विकलेल्या बैलानें आपल्याच शेताचा बांध फोडावा, तसें झालें.

चौकस विद्यार्थी येथें विचारील कीं मग आपल्याकडचे संघ अमेरिकेप्रमाणें तीन-तीन, चार-चार पोरें देऊन गोलंदाज कां घेत नाहींत? याचें उत्तर वर सांगितलेल्या तिसऱ्या गोष्टींत आहे. आपल्याकडे दर तीन-चार वर्षांनीं मोठा लिलाव होतो. २०१८, २०२२ आणि २०२५ च्या मोसमांपूर्वीं तो झाला. त्या वेळीं प्रत्येक संघास मोजके गडी राखून बाकी सर्व सोडून द्यावे लागतात. आज लावलेलें रोप फळाला येण्याच्या सुमारासच शेताची नवी वांटणी होणार असेल, तर रोपांच्या बदल्यांत कोण काय देईल? म्हणून येथें उमेदीचें मोल अमेरिकेपेक्षां कमी, आणि तयार हाताचें मोल अधिक. गुण तोच, मुलगा तोच. नियम बदलला कीं भाव बदलतो. आणखी एक भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अदलाबदलीपूर्वीं त्या गड्याची संमति घ्यावी लागते. अमेरिकेंत, करारांत तशी तरतूद नसेल तर, बहुधा ती लागत नाहीं. खोंडाला कोणी विचारीत नाहीं. माणसाला विचारलें पाहिजे.

भाव आणि योग्यता ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, याचीं दोन उदाहरणें आपल्याच मुलखांत आहेत. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर हा वेगवान गोलंदाज २०२२ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होता. त्याच महिन्यांत चेन्नईच्या संघानें त्यास दीड कोटीस घेतलें. २०२३ सालीं पहिल्याच सामन्यांत त्यानें तीन बळी मिळविले. पुढें संधी थोड्या मिळाल्या, आणि २०२५ च्या मोसमापूर्वींच्या लिलावांत लखनौनें त्यास तीस लाखांना घेतलें. भाव पांचव्या हिश्शावर आला. पण मुलगा तेव्हां जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्याच्या हातांतला वेग बाजारानें दिलेला नव्हता, म्हणून बाजार तो काढूनही घेऊं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण अगदीं आपल्या शेजारचें. ऋतुराज गायकवाड यांच्या घराण्याचें मूळ गांव पारगांव मेमाणे, म्हणजे आपल्या लगतच्या पुरंदर तालुक्यांतलें. २०१८ च्या डिसेंबरांत चेन्नईनें त्यांना वीस लाखांना, म्हणजे त्या काळच्या किमान किमतीला घेतलें. २०१९ चा संपूर्ण मोसम त्यांनीं एकही सामना न खेळतां, बाकावर बसून काढला. २०२० सालीं त्यांना करोनाची बाधा झाली. बरे होऊन मैदानावर आले तों पहिल्या तीन डावांतील धावा शून्य, पांच आणि शून्य. त्या दिवशीं बाजार भरला असता तर त्यांच्यावर कितीशी बोली लागली असती? परंतु संघ थांबला. त्यानंतरच्या तीन डावांत त्यांनीं लागोपाठ तीन अर्धशतकें केलीं. २०२१ सालीं ६३५ धावा करून त्या मोसमांत सर्वांहून अधिक धावा करणारा फलंदाज म्हणून मान मिळविला आणि चेन्नईनें चषक जिंकला. पुढें त्यांना राखून ठेवण्यासाठीं संघानें सहा कोटी मोजले, २०२४ सालीं कर्णधारपद दिलें, आणि २०२५ च्या मोसमासाठीं अठरा कोटी मोजले. वीस लाख आणि अठरा कोटी यांच्यामध्यें काय उभें आहे? मुलाचे कष्ट तर आहेतच; पण त्यांच्या जोडीला कोणीतरी धीर धरला, हीही गोष्ट आहे.

उमेद आणि तयारी यांचा मेळ घालणें सर्वांत उत्तम, हें पुण्याच्या कबड्डी संघानें दाखविलें. प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटणनें तरुण पोरें एकत्र वाढविलीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतला अस्लम इनामदार त्यांच्यांतूनच कर्णधार झाला. मग एक उणीव भरून काढण्यासाठीं २०२३ च्या लिलावांत मोहम्मदरेझा शादलुई हा इराणचा बळकट बचावपटू दोन कोटी पस्तीस लाखांना घेतला. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें ह्या संघानें हरियाणाला २८ विरुद्ध २५ गुणांनीं हरवून प्रथमच चषक जिंकला. दावणीला घरचीं खोंडें वाढवावीं आणि पेरणीच्या तोंडावर एकच जुळलेला बैल आणावा, असा हा शहाणा कारभार.

वाचकहो, आतांपर्यंतच्या विवेचनाचें सार असें कीं कोवळ्या गड्याची किंमत ही त्याची किंमत नसून थांबण्याची किंमत आहे. ज्यास थांबतां येतें तो उमेद विकत घेतो. ज्यास थांबतां येत नाहीं तो ती विकतो. ह्या दृष्टीनें पालकांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. लिलावांतल्या कोटींचे आंकडे वृत्तपत्रांत वाचून पुष्कळ घरांत मुलाच्या हातांत चेंडू येतो आणि मनांत भाव येतो. सांगलीच्या स्मृति मानधना यांना २०२३ सालीं स्त्रियांच्या पहिल्या लिलावांत तीन कोटी चाळीस लाख, म्हणजे सर्वांहून अधिक, बोली लागली, तेव्हांपासून मुलींच्या घरींही हे बोलणें ऐकूं येतें. हा आनंदाचाच भाग. परंतु जो आंकडा छापून येतो त्याच्यामागें न छापलेलीं हजारों नांवें असतात. म्हणून खेळ मन लावून खेळूं द्या आणि पुस्तकही हातांतून सुटूं देऊं नका. वाढत्या वयांत हाडें कच्चीं असतात. लवकर तयार व्हावा म्हणून मुलाकडून रोज मोजदाद न ठेवतां वेगानें चेंडू टाकविणें म्हणजे आदत खोंडास नांगराला जुंपणें होय. पाठ किंवा खांदा दुखतो असें मूल म्हणालें तर त्यास भित्रा म्हणूं नका. विश्रांति द्या, डॉक्टरांस दाखवा.

आणि थांबण्याचें मोल कसें द्यावें याचा कित्ता आपल्या महाराष्ट्रांतच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें कुस्तींत सहावे आले. सहाव्याला बाजारांत भाव नसतो. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसे उभे करतांना त्यांना दारोदार हिंडावें लागलें. गांवकऱ्यांनीं आपापल्या परीनें हातभार लावला, आणि ते ज्या राजाराम कॉलेजांत शिकले होते तेथील प्राचार्यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या गृहस्थांचा ह्या पैलवानावर कोणताही हक्क नव्हता, सहा वर्षांचा नव्हे कीं सहा महिन्यांचाही नव्हे. खाशाबांनीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. वर सांगितलेल्या चारही गोष्टी तराजूंत घालून पाहिल्या तरी त्या गहाणखताचा हिशेब लागत नाहीं. तो लागावा अशी आमची इच्छाही नाहीं.

शेवटीं पुन्हां आमच्या मैदानाकडे. सौदा झाला त्या सायंकाळीं त्या पांचवींतल्या दोघांना कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. “एका गोलंदाजाच्या बदल्यांत दोघे” हे शब्द त्यांनीं ऐकले होते, आणि घरीं जातांना त्यांचे चेहरे उतरलेले आम्ही पाहिले. त्या दोघांना आमचें सांगणें एवढेंच: बाळांनो, तुम्हांला अर्धा-अर्धा गोलंदाज म्हणून कोणीं मोजलें असेल तर तें मोजणाऱ्याच्या घाईचें माप होतें, तुमचें नव्हे. आठवींतल्या ज्या मुलानें तुम्हांला घेतलें त्यानें सामना हरण्याचें कबूल करून तुमच्यासाठीं दोन वर्षें थांबण्याचें ठरविलें आहे. उद्यां घंटा झाली कीं वेळेवर मैदानावर या.